बर्फावरचे पहिले दिवस : मुलांच्या स्कीइंगबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी लहान मुलांना पहिल्यांदा स्कीइंगला नेण्याबद्दल बरेच प्रश्न आले. बहुतेक गुलमर्गचा बेत आखणाऱ्यांचे होते, काही परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतून आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. फेब्रुवारीत पाच दिवस काश्मीरला जातोय, त्यातला एक दिवस गुलमर्ग. मुलांना स्कीइंग शिकवावं म्हणतोय. मुलगी फार लहान आहे का? (पुणे)

मुलगी लहान नाही, तुमचा गुलमर्गचा मुक्काम लहान आहे.

सात हे शिकायला उत्तम वय. साडेचारला वयापेक्षा चार गोष्टी बघा. एका पायावर पाच सेकंद उभी राहते का? जिना एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकून उतरते का? अनोळखी शिक्षकाबरोबर तुमच्याशिवाय अर्धा तास राहते का? शू लागली तर वेळेत सांगते का? चारही जमत असेल तर न्या. तीन वर्षांचं मूल उतारावर घसरतं, पण स्वतःहून थांबू शकत नाही. शरीराच्या मानाने डोकं जड असतं आणि मांड्यांत वेग धरून ठेवण्याची ताकद नसते.

बर्फावर निदान तीन दिवस हवेत, चार असले तर फारच बरं. पहिला दिवस बूट, सपाट बर्फ आणि पडून उठणं यातच जातो, आणि तो तसाच गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी वेग कमी करणं आणि थांबणं. वळणं तिसऱ्या दिवशी. एका दिवसात हे सगळं कोंबलं की मुलाच्या लक्षात गारठा आणि भीती एवढंच राहतं. पाच दिवसांत पहलगाम, सोनमर्ग, गुलमर्ग सगळं बसवायचं असेल तर स्कीइंगचा बेत पुढच्या वर्षावर टाका.

वेळ मोजून ठेवा. साडेचार वर्षांच्या मुलीला सकाळी पाऊण तास, मग उबेत बसून खाणं, त्यानंतर वाटलं तर आणखी अर्धा तास. सात वर्षांच्या मुलाला दीड तास सकाळी, एक तास दुपारी. दोघांना एकच प्रशिक्षक ठेवू नका. एक जण बुटाचा खटका उघडत असताना दुसरं उतारावरून खाली निघालेलं असतं.

प्रशिक्षक ठरवताना किती तास, साहित्य त्यात धरलंय की वेगळं, मुलाला उतार चढवून कोण नेणार, हे आधी बोलून घ्या. शिकवणं हिंदीत होईल. साडेचार वर्षांच्या मुलीला ‘झुको’, ‘रुको’ कळेलच असं नाही, म्हणून घरीच चार शब्द पक्के करा: थांब, वाक, पसर, बस. तेच शब्द प्रशिक्षकालाही सांगून ठेवा. बहुतेक जण आनंदाने वापरतात.

तारखांचं म्हणाल तर २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मिरी लोक ज्याला ‘चिल्लई कलां’ म्हणतात, ते सगळ्यात कडक थंडीचे. लहान मुलांसाठी फेब्रुवारीचा मध्य सोयीचा. दिवस मोठा झालेला असतो आणि ऊन अंगाला लागतं. पण बर्फाचा भरवसा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जानेवारी २०२४च्या सुरुवातीला गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे पुढे ढकलाव्या लागल्या. पैसे परत मिळतील अशाच अटीवर हॉटेल घ्या. आणखी एक: इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. घरातला निदान एक फोन पोस्टपेड असू द्या, नाहीतर उतारावर एकमेकांना शोधत बसाल.

स्की, बूट वगैरे विकत घ्यावं की भाड्याने? माप कसं कळणार? (ठाणे)

भाड्यानेच. मुलाचा पाय वर्षाला एक-दोन मापं वाढतो. विकत घ्यायचेच तर मोजे, हातमोजे आणि बर्फाचा गॉगल घ्या, कारण या तीन गोष्टी भाड्याच्या कधीच धड बसत नाहीत.

बुटाबद्दल मात्र सविस्तर सांगावं लागेल. पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या रडण्याचं मूळ बुटात असतं आणि आईवडील ते बर्फाच्या भीतीवर ढकलतात.

स्कीच्या बुटाचं माप तळपायाच्या लांबीचं असतं, सेंटिमीटरमध्ये. घरीच मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा, संध्याकाळी, आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. १७.२ आलं तर १७.५चा बूट. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून १९चा घेऊ नका. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, पाय आत फिरतो आणि स्की मात्र सरळच जाते. मुलाने कितीही जोर लावला तरी तो स्कीपर्यंत पोचतच नाही.

दुकानात असं तपासा. बुटाच्या आतला मऊ अस्तराचा बूट बाहेर काढा. रिकाम्या प्लास्टिकच्या कवचात मुलाचा पाय घाला, बोटं पुढे टेकू द्या आणि टाचेमागे तुमची बोटं सरकवून बघा. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाचं एक आडवं बोट आणि थोडं वर, एवढी जागा हवी. दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा. मग अस्तर परत घालून बूट चढवा, टाच जमिनीवर दोनदा आपटायला सांगा म्हणजे ती मागे बसते, आणि त्यानंतरच खटके लावा. मूल सरळ उभं राहिलं की बोटं बुटाच्या टोकाला हलकी टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवले की सुटली पाहिजेत. गुडघे वाकवले तरी टोचत असेल तर बूट लहान.

आत मोजा एकच, पातळ, लोकरी किंवा सिंथेटिक, गुडघ्यापर्यंत येणारा. दोन मोजे घातले की घड्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची चड्डी बुटात खोचू नका, बुटाच्या वर ओढून ठेवा. तिची शिवण नडगीवर आली तर तासाभरात लाल वळ उठतो. बुटाच्या आत पाय आणि मोजा, तिसरं काही नको.

स्कीची लांबी मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत. १०५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ८० ते ९०च्या स्की. लांब स्की दिल्या तर टोकं एकमेकांवर चढतात. हातातल्या काठ्या पहिले तीन-चार दिवस देऊच नका. मूल त्यांवर भार टाकतं, पायांचं काम विसरतं, आणि पडताना अंगठा काठीच्या पट्ट्यात अडकून दुखावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्राला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिळवटला गेला तर ते सुटलं पाहिजे, नाहीतर पिळवटतं ते नडगीचं हाड. किती जोराने सुटावं याचा आकडा बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्या खिडकीत दिसतो. तो मुलाचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून लावतात. १६ किलोच्या नवशिक्या मुलाला साधारण ०.७५ ते १, वीस किलोच्या मुलाला १ ते दीड. खिडकीत ३ किंवा ४ दिसत असेल तर ती मोठ्यांची स्की आहे किंवा आकडा आधीच्या गिऱ्हाइकाचा आहे. ती घेऊ नका. आकडा स्वतः फिरवू नका, पण दुकानदाराकडून लावून घेताना शेजारी उभे राहून बघा आणि मुलाचं खरं वजन सांगा. लहान मुलांच्या बुटांचा तळ मोठ्यांच्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, तेव्हा ‘चालतंय की’ म्हणून कोणी जुळवून देत असेल तर दुसरं दुकान गाठा. गुलमर्गला अगदी लहान मापांत निवड कमी असते. म्हणून आदल्या दुपारीच जाऊन माप बघून ठेवा.

हेल्मेट सोडायचं नाही. गॉगल आणि हेल्मेट यांच्यामध्ये कपाळाची पट्टी उघडी राहता कामा नये, आणि हनुवटीच्या पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकंच सैल.

मुलाला दम्याचा त्रास आहे, इनहेलर चालू आहे. इतक्या उंचीवर न्यावं का? (नागपूर)

तुमच्या डॉक्टरांच्या परवानगीने न्यावं, पण घाईने चढवू नये. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर. पहिली रात्र श्रीनगरला काढा. विमानातून उतरून थेट वर गेलात तर पहिल्या चोवीस तासांत मुलाला डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. चार वर्षांचं मूल ‘डोकं दुखतंय’ म्हणत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, खेळत नाही, एखादी उलटी करतं. अशा वेळी त्या दिवशी स्की नाही, आराम आणि पाणी. उलट्या थांबत नसतील किंवा मूल सुस्त पडत असेल तर सकाळची वाट न बघता खाली टंगमर्गला उतरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. उंचीचा त्रास टाळण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नका.

दम्यासाठी इनहेलर आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा; गार पडला की फवारा नीट येत नाही. स्पेसर बरोबर हवाच. गळ्यातून चढवून नाकातोंडावर ओढायची पातळ कापडी नळी असली की श्वासाबरोबर जाणारी हवा थोडी उबदार होते. मात्र ती श्वासाने ओली होऊन कडक होते, म्हणून दोन घ्या.

तुम्ही विदर्भातले आहात म्हणून मुद्दाम लिहितो. मुलाची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर जाण्याआधी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला, म्हणजे एसएस पॅटर्न असलेल्या मुलाला, उंची आणि थंडी दोन्हींमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला त्याच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर नेऊ नये. वाहक, म्हणजे एएस पॅटर्न असलेली मुलं बहुधा ठीक राहतात, पण उंचीवर डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागलं तर ते पोटदुखी समजून अंगावर काढायचं नाही. त्यात प्लीहेला इजा होत असू शकते.

आणि खोलीतली शेकोटी. बुखारी, म्हणजे खोली तापवायची काश्मिरी शेगडी, किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून, खिडक्या घट्ट लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्याआधी खोली तापवा, मग विझवा, खिडकीची फट ठेवा आणि पांघरुणं वाढवा.

घरात जाड स्वेटर, जीन्स, मफलर आहेत. तेवढ्यावर भागेल का? (नाशिक)

स्वेटर चालेल, तोही पातळ असला तर. जीन्स आणि मफलर घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं, बर्फ लागला की ओलं होतं आणि वाळत नाही. ओल्या कापडातून अंगाची ऊब पटकन निघून जाते. सुती बनियन हाही त्यातलाच. मफलर उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकतो, गळ्याला फास लागू शकतो.

अंगालगत थर्मल, वर फ्लीस किंवा पातळ लोकर, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. पँट खांद्यावर पट्टे असलेली घ्या, म्हणजे पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही. तिच्या पायात आतून एक लवचीक घेर असतो, तो बुटाच्या वरून ओढायचा, बुटात खोचायचा नाही. लहान मुलांना पाच बोटांचे हातमोजे देऊ नका. अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले जास्त उबदार असतात आणि घालायला निम्मा वेळ लागतो. एक जोडी ओली होणारच, दुसरी तुमच्या पाठपिशवीत. फुंदे असलेली कानटोपी हेल्मेटखाली बसत नाही. पातळ, डोकं-कान-मान झाकणारी टोपी घ्या.

सगळं चढवायच्या आधी शू. हा नियम मोडला की बाराव्या मिनिटाला सगळं परत उतरवावं लागतं.

उन्हाचं विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर चढलं की ते किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ढगाळ दिवशीसुद्धा सनस्क्रीन लावा, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही, कारण तिथे ऊन खालून येतं.

खाऊसाठी गूळपोळी उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत घरात असतेच, टिकते आणि हातमोजा न काढता खाता येते. शेंगदाण्याची चिक्की थंडीत दगड होते, दुधाच्या दातांना देऊ नका. थर्मासमध्ये कोमट पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पाणी मागत नाहीत, तेव्हा दर अर्ध्या तासाने आपण द्यायचं.

गाल, नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरी-मेणासारखी दिसली तर लगेच आत नेऊन उघड्या तळहाताने ऊब द्या. चोळू नका, बर्फ लावू नका, बुखारीजवळ धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही.

मी कॉलेजात असताना दोनदा स्कीइंग केलंय. मुलाला मीच शिकवू का? नेमकं काय शिकवायचं? (कोल्हापूर)

पहिले दोन दिवस प्रशिक्षकावर सोपवा. तुम्हाला स्वतःचा तोल सांभाळत मुलाला धरता येणार नाही, आणि आई-बाबा समोर असले की मूल आधार शोधतं, पाय वापरत नाही. पण काय चाललंय ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून क्रम सांगतो.

आधी नुसते बूट घालून बर्फावर चालणं. टाच आधी टेकवायची. बूट घातलेलं मूल पहिल्यांदा चवड्यांवर चालायला बघतं आणि पडतं. मग एका पायात स्की, दुसरा मोकळा, आणि सपाटीवर गोल चक्कर. मग पाय बदलायचा. हा खेळ पंधरा मिनिटं चालला तरी थांबवू नका. स्की म्हणजे आपल्याच पायाचा लांबलेला भाग, हे शरीराला इथेच समजतं. स्की चढवताना बुटाच्या तळाचा बर्फ झाडून काढा. एवढासा गोळा राहिला तरी बाइंडिंग नीट लागत नाही किंवा नको तेव्हा सुटतं. पुढचं टोक आधी घालायचं, मग टाच दाबायची, खटका ऐकू आला पाहिजे.

त्यानंतर पडायला शिकवा. बाजूला, ढुंगणावर, हात पुढे न टेकता. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या. स्कीची टोकं खाली तोंड करून असतील तर उठता उठताच मूल निघून जातं. लहान मुलांना पोटावर वळून, बेडकासारखे पाय फाकवून, हातांनी रेटत उठणं सोपं जातं.

उतार असा निवडा की मूल काहीच न करता सुटलं तरी खाली सपाटीवर आपोआप थांबेल. पाण्याची बाटली आडवी ठेवली तर जेमतेम घरंगळेल, एवढाच. सुरुवातीला पाच-सहा मीटर चढणं पुरे. चढताना बदकासारखी पावलं, टोकं बाहेर, टाचा आत. किंवा आडवं उभं राहून जिना चढल्यासारखं.

मग मुख्य धडा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब. जगभर प्रशिक्षक याला पिझ्झाचा तुकडा म्हणतात. आपल्या मुलांना भाकरीचा चतकोर म्हटलं तरी आकार तोच. चतकोर मोठा केला की वेग कमी, लहान केला की जास्त, आणि स्की आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर केल्या की सुसाट. ‘पाय फाकव’ म्हणू नका, मूल गुडघे बाहेर काढून उकिडवं बसतं. ‘टाचांनी बर्फ बाहेर ढकल’ म्हणा. टोकं एकमेकांवर चढत असतील तर दोन्ही टोकांना जोडणारा रबरी पट्टा मिळतो, तो पहिल्या दोन दिवसांपुरता चांगला. मूल त्याच्यावर विसंबू लागण्याआधी काढा.

चुकतं कुठे, तर जवळजवळ प्रत्येक मूल घाबरलं की मागे रेलतं. खुर्चीत बसल्यासारखं. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, आणि वळण व थांबणं दोन्ही त्याच भागावर अवलंबून असतं. म्हणजे भीतीने केलेल्या हालचालीनेच वेग वाढतो. यावरचा उपाय बोलण्याने होत नाही. मुलाला सपाटीवर उभं करा, बुटाच्या जिभेत, नडगीसमोर, एक दुमडलेला कागद ठेवा आणि तो नडगीने दाबून धरायला सांगा. कागद सुटला की मागे रेललास. दोन्ही हात ताट घेऊन जाणाऱ्यासारखे पुढे, आणि नजर स्कीच्या टोकांवर न ठेवता तुमच्याकडे. पाच-सात खेपांत फरक दिसतो.

वळण्यासाठी डावीकडे जायचं तर उजव्या पायावर भार. सहा वर्षांच्या मुलाला ‘विरुद्ध पाय’ समजत नाही. उजव्या बुटावर लाल चिकटपट्टी लावा आणि म्हणा, लाल दाबला की खिडकीकडे, दुसरा दाबला की झाडाकडे.

दोन गोष्टी टाळा. समोर उलटं चालत मुलाचे हात धरून ओढणं, आणि कमरेला दोरी बांधून मागून धरणं. पहिल्यात मूल तुमच्यावर लोंबकळतं, दुसऱ्यात दोरीवर मागे रेलतं. दोन्हींतून नको तीच सवय लागते. लहान मुलाला मांडीत घेऊन स्लेजवरून घसरतानाही त्याचे पाय आतच राहतील हे बघा. बाहेर लोंबता पाय बर्फात रुततो आणि मागून तुमचं वजन येतं.

आम्ही इथे आल्प्सपासून दीड तासावर राहतो. मुलं सहा आणि आठ. चेअरलिफ्टवर (दोरावरून वर जाणाऱ्या खुर्च्यांवर) कधी न्यावं? उताराच्या रंगांचा अर्थ काय? (म्युनिक)

आधी जादूचा गालिचा, म्हणजे बर्फावरचा सरकता पट्टा. त्यावर उभं राहून जाता आलं, आणि खाली येताना तुम्ही ‘थांब’ म्हटल्यावर तीन मीटरच्या आत तीन वेळा थांबता आलं, की मगच चेअरलिफ्ट.

ऑस्ट्रिया-बव्हेरियात बऱ्याच ठिकाणी १.२५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबरच बसवतात. त्यांचा नियम असो नसो, तुम्ही सोबत बसा. मुलाला लिफ्ट चालवणाऱ्या माणसाच्या बाजूला ठेवा, तो उचलून बसवू शकतो. रांगेत असतानाच ‘लहान मूल आहे’ म्हणून खूण करा, लिफ्ट हळू करतात. पाठपिशवी आधीच काढून पुढे घ्या. बसल्याबरोबर पाठ मागे टेकवायची, पुढचा आडवा दांडा खाली, आणि उतरण्याच्या पाटीपर्यंत दांडा वर करायचा नाही. बसताना मूल नीट बसलंच नसेल तर जमिनीजवळ असतानाच ओरडून लिफ्ट थांबवायला सांगा. ‘वर जाताना सरकवून घेऊ’ हा विचार धोक्याचा आहे.

रंगांचं असं की युरोपात निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याच्या खाली हिरवाही असतो. अमेरिकेत मात्र हिरवा सोपा आणि निळा मध्यम, त्यामुळे तिकडून आलेल्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा. निळ्यातही फरक असतो: एखादा निळा रस्ता अरुंद असतो आणि एका बाजूला दरी. आधी तुम्ही एकटे जाऊन या.

पुढच्या माणसाचा हक्क आधी, मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. हा नियम मुलांना पाठ करायला लावा. थांबायचं ते कडेला, आणि उंचवट्याच्या मागे कधीच नाही, कारण वरून येणाऱ्याला तिथे मूल दिसत नाही. इटलीत उतरणार असाल तर हेल्मेट मुलांना आणि आता मोठ्यांनाही कायद्याने सक्तीचं आहे, आणि दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा २०२२पासून सगळ्यांना लागतो.

गुलमर्गला गोंडोलाच्या (बंद डब्यांच्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर मुलांना न्यावं का? (सोलापूर)

स्की करायला अजिबात नाही. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा अफरवटवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली येणारे उतार नवशिक्यांचे नाहीत. आखलेल्या वाटेबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू गेले. नुसतं बघायला जायचं असेल तरी गुलमर्गला दोन रात्री झाल्यावर, मूल खात-खेळत असेल तर, आणि वर अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. मुलांना शिकायला गुलमर्गच्या सपाट मैदानाकडचे, गावालगतचे छोटे उतारच पुरतात.

उत्तराखंडमधल्या औलीबद्दल काय? (अहिल्यानगर) उतार छान आहेत, पण जोशीमठ ते औली रोपवे जानेवारी २०२३मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद झाला. रस्त्याने जाण्याची तयारी ठेवा आणि बर्फ किती आहे ते निघण्याआधी दोन दिवस विचारा.

मुलगी स्केटिंग करते. त्याचा उपयोग होईल का? (दुबई)

होईल. एका रेषेतल्या चाकांवर तोल सांभाळणाऱ्या मुलांना सरकण्याची भीती नसते, आणि दोन पायांवर आलटून-पालटून भार देणं त्यांना आधीच येतं. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं, कारण चाकांवर थांबायची पद्धत वेगळी. तुमच्या शहरातच मॉलच्या आत २००५पासून बर्फाचा उतार आहे. पहिले दोन तास तिथे काढले तर बूट आणि चतकोर हे दोन धडे उंची व वारा या त्रासांशिवाय होऊन जातात.

भारतात असलेल्यांनी जाण्याआधी महिनाभर रोज पाठ भिंतीला लावून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं वीस-तीस सेकंद, तीनदा. आई-बाबांनीही. मुलापेक्षा तुमच्या मांड्या आधी थकतात.

मागच्या वर्षी मनालीजवळच्या सोलंगला मुलगा पहिल्या वीस मिनिटांतच रडायला लागला, स्की काढून बसला. पुन्हा नेऊ का? (पनवेल)

न्या, पण आधी तो का रडला ते शोधा. पाय दुखत होते का, हात गार पडले होते का, भूक होती का, की कोणी त्याला न सांगता उतारावर सोडलं होतं? पहिल्या तिन्हींवर वर लिहिलेले उपाय आहेत. चौथं असेल तर त्याला वचन द्या की तो ‘सोड’ म्हणेपर्यंत कोणी सोडणार नाही, आणि ते प्रशिक्षकाला त्याच्यासमोरच सांगा.

या वेळी रडण्याची वेळ येऊच देऊ नका. बोलणं कमी झालं, प्रत्येक पडण्यानंतर उठायला जास्त वेळ लागू लागला, गुडघे आत वळू लागले की तो थकलाय. ‘आणखी एकच फेरी’ म्हणू नका. दमलेल्या पायांनी केलेल्या त्या एका फेरीतच मुलं जास्त दुखापती करून घेतात. तो अजून मजेत असतानाच बूट काढा. खोलीवर आल्यावर बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, बुखारीला टेकवून नको. सकाळी कोरड्या, उबदार बुटात पाय गेला की निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते. बाकी निम्मी, त्याला शेजारच्या मुलाची उदाहरणं न देण्यात आहे.